नाताळची पंगत आणि तिचे यजमान

कोणत्याही समाजाची ओळख त्याच्या सणांवरून करून घ्यावी, असे म्हणतात. पण सण म्हणजे केवळ देवघर आणि स्वयंपाकघर नव्हे. जेवणे उरकली, ताटे उचलली गेली आणि पाहुण्यांशी बोलावयाचे विषय संपले, की मंडळी काय करतात, यावरूनही त्या समाजाविषयी पुष्कळ कळते. ब्रिटनमध्ये निदान दोन-तीन पिढ्या या वेळी एकच गोष्ट करीत आल्या आहेत. पंचवीस डिसेंबरच्या दुपारी त्या दूरचित्रवाणीसमोर येऊन बसतात. आजी आरामखुर्चीत, नातवंडे गालिच्यावर, आणि मधली पिढी जागा मिळेल तेथे. त्या एका दिवशी या मंडळींपुढे काय वाढावयाचे, याची आखणी तेथल्या प्रक्षेपण-संस्था कित्येक महिने आधीपासून करतात आणि मंडळींनी आपल्याच पंगतीला यावे म्हणून एकमेकींशी चुरस करतात. या चुरशीचे थोडे परीक्षण करण्याचा माझा विचार आहे.

वेळापत्रकाचे कसले परीक्षण करावयाचे, असे कोणी म्हणेल. कादंबरीचे होते, नाटकाचे होते. पण साडेसहा वाजता अमुक आणि आठ वाजता तमुक, ही यादी म्हणजे काही वाङ्मय नव्हे! दिवाळी अंकाच्या वाचकाला मात्र हा आक्षेप फारसा पटू नये. अंक हाती आल्यावर आपण प्रथम अनुक्रमणिका उघडतो. कथा कोठे, कविता किती, हास्यचित्रे कोणाची, वडीलधाऱ्यांसाठी काय आणि मुलांसाठी काय, हे पाहून संपादकाच्या रुचीचा अंदाज घेतो. नाताळचे वेळापत्रक ही अशीच एक अनुक्रमणिका आहे, आणि तिलाही संपादक असतो. तो पडद्यावर कधी दिसत नाही, एवढेच.

आणि दिवाळी अंकाचे भावंड शोभावे असे एक प्रकाशनही तेथे आहे. 'रेडिओ टाइम्स' हे बी.बी.सी.चे साप्ताहिक १९२३ साली निघाले. १९६९ पासून ते नाताळ आणि नववर्ष मिळून एक जोडअंक काढू लागले. १९८८ च्या नाताळ अंकाच्या १ कोटी १२ लाखांवर प्रती खपल्या. ब्रिटनमधल्या कोणत्याही नियतकालिकाच्या एका अंकाला हा मान मिळालेला नव्हता. गंमत अशी, की मार्च १९९१ पर्यंत त्यात फक्त बी.बी.सी.चेच कार्यक्रम छापले जात. प्रतिस्पर्धी आय.टी.व्ही.चे कार्यक्रम पाहावयाचे तर 'टी.व्ही. टाइम्स' निराळा विकत घ्यावा लागे. म्हणजे घरात दोन अंक आणावयाचे, शेजारी शेजारी उघडावयाचे, आणि पेन्सिलीने खुणा करावयाच्या. एकाच वेळी दोन्हीकडे काही चांगले असले, की घरात वादाला तोंड फुटे. संच बहुधा एकच असे.

या स्पर्धेत एक घटका मात्र तहाची आहे, आणि ती समजून घेतली म्हणजे पुढचे सारे सोपे होते. १९३२ साली राजे पाचवे जॉर्ज यांनी सँड्रिंगहॅमहून नभोवाणीवर पहिला नाताळ-संदेश वाचला. शब्द रुडयार्ड किपलिंग यांचे होते, आणि दुपारचे तीन ही वेळ साम्राज्यातल्या जास्तीत जास्त देशांना सोयीची पडावी म्हणून निवडलेली होती. साम्राज्य गेले, तीन वाजण्याची वेळ राहिली. १९५७ मध्ये राणी एलिझाबेथ प्रथमच दूरचित्रवाणीवर दिसल्या, आणि पुढे त्यांचा संदेश दोन्ही संस्था एकाच वेळी दाखवू लागल्या. १९९३ पासून चॅनेल ४ ने याच दिवशी आपला 'पर्यायी संदेश' सुरू केला, तो या तहाला चिमटा काढण्यासाठीच!

स्पर्धेचा अभ्यास करणाऱ्याला तीन वाजण्याची ही घटका फार उपयोगी आहे. मजकूर तोच, चेहरा तोच, क्षण तोच. मग कोणत्या वाहिनीवर पाहावे, याला काहीच कारण नाही. तरीही वर्षानुवर्षे बी.बी.सी.कडे आय.टी.व्ही.च्या कितीतरी पट लोक असतात. म्हणजे त्या दिवशी प्रेक्षक कार्यक्रम निवडण्याआधीच घर निवडतो. देवदर्शनाला गावात दोन देवळे असली, तरी सणाच्या दिवशी पावले जुन्या देवळाकडे वळतात, तसे हे आहे. नियोजकाची कसोटी त्यानंतर लागते: आलेली मंडळी धरून कशी ठेवावयाची?

आता दुसऱ्या यजमानाकडे वळू. आय.टी.व्ही. म्हणजे जाहिरातींवर चालणारी दूरचित्रवाणी. ती २२ सप्टेंबर १९५५ रोजी सुरू झाली. त्याच रात्री बी.बी.सी.ने नभोवाणीवरच्या 'द आर्चर्स' या लोकप्रिय मालिकेतील ग्रेस या तरुण नायिकेला तबेल्याच्या आगीत मारून टाकले. शेजारी नव्या बिऱ्हाडाची वास्तुशांत चालू असता आपल्या घरी रडारड सुरू करावी, आणि साऱ्या गल्लीने इकडे धाव घ्यावी, तसा हा प्रकार झाला. ही घटना नाताळची नव्हे. पण वाचकांनी ती ध्यानात ठेवावी. ग्रेसच्या मरणात पुढच्या पुष्कळ गोष्टींचे बीज आहे.

दोन्ही यजमानांचा स्वभाव निराळा, कारण दोघांचा व्यवहार निराळा. जाहिरातदार पैसे ओततो ते सप्टेंबरपासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत. खेळणी, अत्तरे, मिठाई, जे काही विकावयाचे ते नाताळच्या आधी. पंचवीस तारखेला दुकानांना कुलपे असतात. खरेदी झालेली असते, भेटी उघडलेल्या असतात. त्या दिवशी कोट्यवधी माणसे समोर बसलेली असूनही त्यांना विकावयाला फारसे काही नसते. म्हणून आय.टी.व्ही.चे हिशेबी संचालक आपले उत्तमोत्तम कार्यक्रम शरदात खर्च करीत आणि नाताळच्या रात्री हात आखडता घेत. बी.बी.सी.चे गणित याच्या उलट. तिला पैसा मिळतो तो घरोघरच्या परवाना-शुल्कातून. वर्षभर हे शुल्क देणाऱ्या माणसाला 'ही संस्था माझी आहे' असे वाटावयास हवे, आणि असे वाटण्याचा दिवस नाताळाहून दुसरा कोणता? म्हणजे जिला विकावयाचे काही नाही, तिलाच या दिवशी सिद्ध करावयाचे सर्वांत अधिक आहे. ही लढत बरोबरीची कधी नव्हतीच.

बी.बी.सी.ने आपली जुनी वेळापत्रके आता सर्वांसाठी खुली केली आहेत. ती मी बराच काळ चाळीत होतो. १९५८ पासून १९७२ पर्यंत नाताळच्या रात्री 'ख्रिसमस नाइट विथ द स्टार्स' नावाचा एक कार्यक्रम असे. वर्षभर गाजलेल्या निरनिराळ्या मालिकांतील मंडळी त्यात एकेक छोटा प्रवेश करून जात. आय.टी.व्ही.नेही १९६९ पासून पाच वर्षे याच धर्तीचा 'ऑल-स्टार कॉमेडी कार्निव्हल' दाखविला. या कार्यक्रमांची कला फार मोठी नव्हती. स्नेहसंमेलनाचे गुणदोष त्यांत सारे होते. परंतु एक तत्त्व त्यांतून हाती लागले. सणाच्या कार्यक्रमाला नवे पात्र नको असते. वर्षभराची ओळखीची माणसे त्या एका रात्री निराळ्या वेषात दिसावीत, एवढे पुरे.

या तत्त्वाचा सर्वांत सुंदर आविष्कार म्हणजे एरिक मोरकम आणि अर्नी वाइज या विनोदी जोडीचे नाताळचे कार्यक्रम. त्यांचे लेखक एडी ब्रेबन. १९७७ चा त्यांचा कार्यक्रम आज पाहिला, तरी त्याची रचना किती विचारपूर्वक केलेली आहे, हे जाणवते. बातम्या सांगणारी आणि क्रीडावृत्ते देणारी भारदस्त मंडळी, ज्यांचे कमरेखालचे शरीर प्रेक्षकाने कधी पाहिलेले नाही, ती खलाशांच्या पोशाखात नाचतात आणि कोलांट्या मारतात. कोलांट्या अर्थातच दुसऱ्यांच्या असतात, आणि ते लपविण्याची कोणी फारशी फिकीरही करीत नाही. अभिनेत्री पेनेलोपी कीथ ऐटीत जिना उतरू लागतात, तो जिना अर्ध्यावर संपतो, आणि त्यांना धडपडत खाली यावे लागते. गायक एल्टन जॉन सबंध कार्यक्रमभर इमारतीत वाट चुकून हिंडत असतात. ते पोचतात तेव्हा प्रेक्षक घरी गेलेले असतात, आणि झाडलोट करणाऱ्या बायकांच्या सोंगातले एरिक-अर्नी तेवढे ऐकावयास उरलेले असतात.

यात नुसती थट्टा नाही. आपल्याकडे सोंगे काढण्याची जी रीत आहे, तिच्यातला लोकशाही धर्म यात आहे. वर्षभर उंच आसनावर बसलेल्याने एक दिवस खाली यावे, आणि त्याला हसताना खालच्यांनी त्याचा मान मात्र जाऊ देऊ नये. एरिक मोठ्या पाहुण्यांची टर उडवितात, पण पाहुणा लहान होत नाही. उलट घरातला होतो. नातवाला कोलांट्यांचे हसू येते, आजीला बातम्या सांगणाऱ्याच्या फजितीचे, आणि बापाला एरिकच्या बोलण्यातल्या खोचेचे. तिघेही एकाच वेळी हसतात. सणाच्या कार्यक्रमाची याहून दुसरी कसोटी मला ठाऊक नाही.

त्या रात्री २ कोटी ८० लाख लोकांनी हा कार्यक्रम पाहिला, असे बी.बी.सी.ने सांगितले. देशाची लोकसंख्या तेव्हा साडेपाच कोटींच्या आसपास. म्हणजे निम्मे राष्ट्र! ही संख्या पुढे दंतकथेसारखी झाली. पण तिच्यामागे एक मौज आहे. बी.बी.सी.चे लोक दुसऱ्या दिवशी माणसांना गाठून 'काल काय पाहिलेत?' असे विचारीत. आय.टी.व्ही.साठी होणारी मोजणी निराळी. तीत निवडक घरांतल्या संचांना यंत्रे जोडलेली असत. त्या यंत्रांच्या मते ही संख्या २ कोटी १३ लाखांच्या आसपास होती, आणि त्याच रात्री बी.बी.सी.वरच झालेला माइक यारवुड या नकलाकाराचा कार्यक्रम तिच्याही किंचित पुढे होता. दोघांची मोजणी एक झाली ती १९८१ मध्ये. तोवर प्रत्येक यजमान आपल्या पंगतीची पाने आपणच मोजीत होता. मला यातले खरेखोटे ठरविण्यापेक्षा दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. माणसांना विचारले तेव्हा आकडा मोठा आला. कोणी सांगावे, काहींनी न पाहताही 'पाहिला' म्हटले असेल. ज्या कार्यक्रमाविषयी असे म्हणावेसे वाटते, तो सणाचा भाग झालेला असतो.

पुढच्याच वर्षी, १९७८ मध्ये, ही जोडी थेम्स या आय.टी.व्ही.च्या कंपनीने अधिक पैसे देऊन नेली. नाताळच्या कार्यक्रमाला माजी पंतप्रधान हॅरल्ड विल्सनही आले. परंतु लेखक ब्रेबन प्रथम बरोबर गेले नव्हते, आणि कार्यक्रमात काहीतरी हरवले ते हरवलेच. गवई नेता येतो, मैफल नेता येत नाही. त्याच डिसेंबरात बी.बी.सी.तील संपामुळे २१ तारखेला तिच्या दोन्ही वाहिन्या बंद पडल्या होत्या. दुसऱ्याच दिवशी तडजोड झाली, आणि नाताळला 'द साउंड ऑफ म्युझिक' हा चित्रपट ब्रिटनमधल्या घराघरांत प्रथमच दिसला. नाताळला पडदा काळा राहणे कोणालाच परवडणारे नव्हते.

येथवर स्पर्धेने भले केले, असेच म्हणावे लागेल. यानंतर मात्र वळण येते. १९८५ मध्ये बी.बी.सी.ने 'ईस्टएंडर्स' ही लंडनच्या पूर्वभागातील एका चौकाची मालिका सुरू केली. १९८६ च्या नाताळच्या दिवशी तीतला दारूच्या गुत्त्याचा मालक डेन आपल्या बायकोच्या, अँजीच्या, हाती नाताळची भेट म्हणून घटस्फोटाचे कागद ठेवतो. आपल्याला असाध्य आजार आहे, असे खोटे सांगून तिने त्याला धरून ठेवलेले असते, आणि ते त्याला कळलेले असते. लिखाण उत्तम, अभिनय उत्तम. मागाहून झालेले पुनःप्रक्षेपण धरून प्रेक्षकांची संख्या तीन कोटींवर गेली. कलाकृती म्हणून मी या प्रवेशाला नावे ठेवणार नाही. पण त्याने नियोजकांना जो धडा दिला, तो वाईट होता. तो धडा असा: हसण्यासाठी माणसे कदाचित येतील, अरिष्ट पाहावयास नक्की येतील.

तेव्हापासून त्या चौकात नाताळ म्हणजे कोणाचा तरी संसार मोडण्याचा किंवा कोणी तरी मरण्याचा दिवस, अशी प्रथाच पडली. प्रतिस्पर्धीही मागे राहिला नाही. २०१२ च्या नाताळला आय.टी.व्ही.ने 'डाउनटन ॲबी' या आपल्या सर्वांत देखण्या मालिकेच्या विशेष भागाच्या अखेरीस, नुकताच बाप झालेल्या मॅथ्यू क्रॉलीला मोटार-अपघातात मारले. ही मालिका नाताळला दाखवून आय.टी.व्ही.ने आपला जुना संकोच टाकला होता, ही चांगली गोष्ट. पण जेवण झाल्यावर सुखाने बसलेल्या घरांत ते प्रेत आणून ठेवावयाची गरज नव्हती, असे अनेक प्रेक्षकांनाही वाटले. तबेल्याच्या आगीत गेलेली ग्रेस येथे पुन्हा आठवते.

शोकाला सणात जागा नाही, असे मात्र मी म्हणत नाही. चॅनेल ४ ही वाहिनी नोव्हेंबर १९८२ मध्ये सुरू झाली, आणि त्याच वर्षी नाताळच्या दुसऱ्या दिवशी तिने रेमंड ब्रिग्ज यांच्या पुस्तकावरचे 'द स्नोमॅन' हे चलच्चित्र दाखविले. सव्वीस मिनिटांच्या त्या गोष्टीत मूळ कथेला एकही संवाद नाही. मुलगा हिममानव करतो, रात्री तो जिवंत होतो, दोघे आकाशातून उडत जातात, आणि सकाळी हिम वितळलेले असते. ही मृत्यूचीच गोष्ट आहे. पण ती लहान मुलाला मांडीवर घेऊन पाहता येते, आणि वितळलेल्या हिमाशी ती थांबते; उद्या काय होणार, या धास्तीवर प्रेक्षकाला टांगून ठेवीत नाही. नव्या, लहान वाहिनीला त्या रात्री कोणाला हरवावयाचे नव्हते. इतर नाताळांचे विजय विसरले गेले. हे चित्र दरवर्षी परत येते.

आज घरोघरी शेकडो वाहिन्या आहेत, हवे ते हवे तेव्हा पाहण्याची सोय आहे, आणि प्रत्येकाच्या हाती स्वतःचा पडदा आहे. जुनी गर्दी ही केवळ तीन वाहिन्यांच्या टंचाईची गर्दी होती, असे कोणी म्हटले तर त्यात पुष्कळ तथ्य आहे. तरीसुद्धा २०२४ च्या नाताळला 'गॅव्हिन अँड स्टेसी' या विनोदी मालिकेचा अखेरचा भाग बी.बी.सी.वर त्याच रात्री १ कोटी २३ लाख लोकांनी पाहिला, आणि आठवड्याभरात ती संख्या १ कोटी ९० लाखांवर गेली. काय असते या मालिकेत? एसेक्समधला मुलगा, वेल्समधली मुलगी, आणि त्यांच्या लग्नाने जोडलेली दोन घरे. व्याही, विहिणी, सारखा सल्ला देणारा काका, खाण्यापिण्याचे हट्ट. शेवट एका लग्नाने. सोयरिकीची ही कथा पाहताना मराठी वाचकाला तर भाषांतराचीही गरज भासू नये. सात वर्षांच्या मुलासाठी ती नाही, हे खरे. त्यातली थट्टा पुष्कळदा चावट आहे. पण मोठ्यांना ती एकत्र बसविते, आणि कोणालाही न मारता.

म्हणून टंचाईने माणसे खोलीत आणली, हे मान्य करूनही, त्यांना एकमेकांकडे पाहून हसावयास लावले ते कार्यक्रमाने, असे मी म्हणेन. आणि असा कार्यक्रम बहुधा त्या यजमानाकडून आला, ज्याला त्या दिवशी काही विकावयाचे नव्हते. 'ईस्टएंडर्स'ही त्याच घरची, हे मी विसरलेलो नाही. आकड्याचा मोह परवान्यावर चालणाऱ्या संस्थेलाही होतो. फक्त तिला तो आवरता येण्यासारखा असतो. आकड्याला साक्षीला बोलवावे. पंगतीत वाढावयास उभे करू नये.

हा प्रश्न आज केवळ रुचीचा राहिलेला नाही. बी.बी.सी.ची सध्याची सनद २०२७ अखेर संपते, आणि त्यानंतर परवाना-शुल्क ठेवावे, की वर्गणी अथवा जाहिराती आणाव्यात, याचा खल ब्रिटनमध्ये झडतो आहे. वर्गणी आली, तर वर्गणी भरणाऱ्यांचाच नाताळ होईल; जाहिराती आल्या, तर दुकाने बंद असलेल्या दिवशी चूल पेटविण्याचे कारण दोन्ही यजमानांना सारखेच उरणार नाही. खल करणाऱ्या मंडळींनी जमाखर्चाच्या वह्यांबरोबर नाताळची जुनी वेळापत्रकेही समोर ठेवावीत. आजी, बाप आणि नातू यांना एकाच वेळी हसविण्याचा खर्च कोणी आणि कशासाठी केला, हे त्यांत तारीखवार छापलेले आहे.